जुन्या शेव्हरोलेट पिकअपच्या व्हॅक्यूम नळ्या: कुठली कुठे जोडायची

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डेन्व्हरला १९७९ ची शेव्हरोलेट सी-१० पिकअप घेतलीत. इंजिन ३५० घनइंचाचं, कार्ब्युरेटर क्वाड्राजेट, गिअरबॉक्स टीएच-३५० ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने निम्म्या व्हॅक्यूम नळ्या (इंजिनाची ओढ वेगवेगळ्या भागांना पोचवणाऱ्या) काढून टाकल्यात आणि तोंडांत स्क्रू कोंबलेत. आता गाडी उभ्या उभ्या थरथरते, सिग्नलला बंद पडते, गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतो. तुम्हाला नळ्यांचा नकाशा हवाय.

इंटरनेटवरचा कुठलाही नकाशा बघून नळ्या जोडू नका. क्वाड्राजेटचे असंख्य प्रकार निघाले. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन कार्ब्युरेटरमध्ये एकाच जागच्या तोटीचं आतलं भोक वेगळ्या ठिकाणी उघडतं. शिवाय एवढ्या जुन्या गाडीवर कार्ब्युरेटर मूळचाच असेल याची खात्री नाही. ड्रायव्हरच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या बॉडीवर उभा ठोकलेला १७ ने सुरू होणारा नंबर आहे, तो आधी लिहून घ्या. बॉनेटखाली कंपनीचं एमिशनचं (धूर-प्रदूषणाच्या जोडण्या दाखवणारं) लेबल शाबूत असेल आणि नंबर त्या गाडीचाच निघाला, तर लेबल प्रमाण माना. नाहीतर व्हॅक्यूम गेज घ्या आणि प्रत्येक तोटी स्वतः तपासा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एकेका तोटीला गेज लावा, बाकीच्या तोट्यांना रबरी टोप्या घाला. आयडलिंगला काटा लगेच चढला, तर ती मॅनिफोल्ड व्हॅक्यूमची तोटी (मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे जाणारी वाट). आयडलिंगला काटा शून्यावर किंवा जवळपास, आणि थ्रॉटल थोडा उघडल्यावर चढतो, तर ती पोर्टेड. पोर्टेड तोटीचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असतं, म्हणून पाकळी मिटलेली असताना तिथे ओढ पोचत नाही. प्रत्येक तोटीवर चिकटपट्टी लावून ‘म’ किंवा ‘पो’ लिहा. हे झालं की निम्मं काम संपलं.

डेन्व्हरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकांत धडधाकट इंजिनाला आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. तुम्ही ५,२८० फुटांवर आहात, त्यामुळे १४ वर स्थिर असलेला काटा बघून घाबरू नका. काटा सतत थरथरत असेल तर मात्र व्हॉल्व्ह किंवा स्पार्कमध्ये बिघाड आहे, तो आधी शोधा.

आता जोडणी. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पुढच्या बाजूला मधोमध असलेली मोठी तोटी सहसा पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह). तिला ३/८ इंचाची, तेल आणि पेट्रोलची वाफ सोसणारी नळीच घ्या. हीटरची साधी नळी आतून फुगते आणि काही दिवसांत चिपकते. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला ओढीने जोर देणारा डबा) नळी जाड भिंतीची, थेट मॅनिफोल्ड व्हॅक्यूमवर. तिच्यात दुसरी कुठलीही नळी टी घालून जोडू नका. तपासायचं असं: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे.

तुमच्या थरथरीचा माझा पहिला संशय ईजीआर व्हॉल्व्हवर (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा) आहे. तो पोर्टेड व्हॅक्यूमवर चालतो, तोही इंजिन गरम झाल्यावरच उघडणाऱ्या थर्मल स्विचमधून. कोणी त्याला थेट मॅनिफोल्डवर जोडला, तर जळका धूर आयडलिंगलाच सिलिंडरमध्ये शिरतो आणि इंजिन अडखळून बंद पडतं. हातमोजा घालून, आयडलिंगला व्हॉल्व्हचा पडदा खालून बोटांनी वर ढकलून बघा. इंजिन अडखळलं तर व्हॉल्व्ह आणि वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर वाट कार्बनने बुजली आहे.

डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स (ओढीनुसार ठिणगीची वेळ पुढे आणणारा भाग) पोर्टेडवर की मॅनिफोल्डवर, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सरळ आहे: मूळ इंजिन असेल तर लेबल सांगेल तसं. एअर क्लीनरच्या सोंडेतलं गरम हवेचं झाकण मॅनिफोल्ड व्हॅक्यूमवर, पण मधे एअर क्लीनरच्या आतल्या तापमान सेन्सरमधून. तुमच्याकडच्या हिवाळ्यात ते चालू असायलाच हवं. चोकच्या पुल-ऑफलाही (इंजिन सुरू झाल्यावर चोक थोडा उघडणारा भाग) मॅनिफोल्ड व्हॅक्यूमच.

गिअर उशिरा पडण्याचं कारण वेगळं दिसतंय. टीएच-३५० च्या मॉड्युलेटरला (ओढीनुसार गिअर बदलण्याची वेळ ठरवणारा भाग) मॅनिफोल्ड व्हॅक्यूम लागतो, आणि तो इनटेकच्या मागून एका बारीक लोखंडी नळीने खाली जातो. इंजिनवर किती भार आहे हे गिअरबॉक्सला त्या ओढीवरून कळतं. ओढ पोचली नाही की पाय कायम पूर्ण दाबलेला आहे असं धरून तो गिअर उशिरा आणि जोरात टाकतो. लोखंडी नळीच्या दोन्ही टोकांचे रबरी तुकडे आधी बघा. उष्णतेने ते कडक होतात आणि चिरतात. मग मॉड्युलेटरच्या टोकाची नळी काढून आत बोट फिरवा. लाल तेल लागलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतंय. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि कुठेही गळती नसताना तेल कमी होणं, हीच त्याची खूण. मॉड्युलेटर स्वस्त आहे, लगेच बदला. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला लावणाऱ्या गॅरेजमध्ये जाऊ नका.

गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारू नका. तापलेला एक्झॉस्ट शेजारीच आहे, आग लागते. गुळगुळीत जबड्याच्या पकडीने एकेक नळी चिमटा आणि इंजिनाचा आवाज ऐका. चिमटल्यावर आयडलिंग सुधारलं की गळती त्याच नळीवर. स्क्रू सगळे काढा आणि जी तोटी खरोखर वापरात नाही तिला नवी रबरी टोपी घाला.

हे सगळं झाल्यावरच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करा, लेबलवरच्या अंशांवर टायमिंग लावा, नळी परत जोडा. मिक्श्चरच्या (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या) स्क्रूंना हात सगळ्यात शेवटी. गेजची प्रत्येक तोटीवरची रीडिंग आणि कार्ब्युरेटरचा नंबर इथे टाका, मग तुमच्या गाडीपुरता नकाशा आपण मिळून काढू.