पडलेलं गाणं उचलायची तालीम

प्रिय गायिकाबाई,

पार्ले, नाशिक, पुणे, कोल्हापूर. चार शो, पाच जणांचा बँड, आणि त्यातल्या तिघांची ओळख होऊन जेमतेम महिना. काल लिहिलंस, "गाणी बसलीत काका, आता फक्त घोटायची." तिथेच मला खटकलं.

गाणी बसतात गं. चांगले वादक आठवड्याभरात अख्खा कार्यक्रम बसवतात. मध्येच पडलेलं गाणं उचलायची तालीम मात्र कुणी करत नाही. माझ्या उमेदीतला गणेशोत्सवातला एक शो सांगतो. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी जनरेटर बसला. माझा बेस गेला, कीबोर्ड गेला, गायकाचा माइक गेला. जिवंत होते ते फक्त ड्रम्स. पण ड्रमर नवा. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. त्याने नुसता ठेका धरून ठेवला असता तर पुढचा मुखडा लोकांनीच म्हटला असता. त्याला काय बोलणार? असं झालं तर काय करायचं, हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून उरलेल्या तालमींपैकी दोन मोडतोडीला दे. इन-इअरमधला (कानातल्या स्पीकरमधला) क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, मध्येच बंद करायला लाव. कीबोर्डवाल्याला न सांगता त्याचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली ओढ. तू स्वतः एक ओळ आधीच अंतऱ्यात शिर आणि बघ, कोण तुझ्यामागे येतं, कोण कागदाला चिकटून राहतं. आधी रेकॉर्ड केलेल्या साथीचे ट्रॅक लॅपटॉपवरून सुटतात ना? मग एक ओळ हुकली की बँड एकीकडे, ट्रॅक दुसरीकडे. तो ट्रॅक कोण बंद करणार, आणि कुठल्या खुणेवर? आमच्याकडे गायकाने डोक्यावर मूठ धरली की सगळे परत मुखड्यावर. दिसायला बावळट, पण अंधारातही कळायची.

पट्टीचंही, म्हणजे कुठल्या सुरावरून गायचं तेही, आत्ताच ठरव. रेकॉर्डिंग काळी चारमध्ये केलंस, ठीक. पण कसारा घाट चढून, एसी गाडीत झोपून, तिसऱ्या शोला तोच गळा हाती येईलच असं नाही. दोन-तीन अवघड गाणी एक पट्टी खाली, काळी तीनमध्येही बसवून ठेव, आणि ट्रॅकही दोन्ही पट्ट्यांत काढून ठेव. गिटारवाल्याचे पीस पट्टी बदलली की बोटांतून बदलतात. विंगेत उभं राहून ते ठरवता येत नाही.

कोल्हापूरचा शो मैदानात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सणासमारंभाला १२ पर्यंत सूट मिळते, पण वर्षातून फार तर १५ दिवस, आणि तुझी तारीख त्यात आहे का ते आयोजकाला विचार. मुंबईतलं धोबी तलावचं उघडं नाट्यगृह, रंगभवन, तुला कुठून आठवणार! आमच्या पिढीचा रॉकचा अड्डा. आसपास इस्पितळं आणि कॉलेज, शांतता क्षेत्र लागू झालं आणि तो गप्प झाला. तेव्हा तुझं हुकमी गाणं शेवटून दुसरं ठेव. शेवटचं कापावं लागलं तरी लोक उपाशी जाणार नाहीत.

दुसऱ्यांची गाणी गाणार असशील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स कोण काढणार, हे करारात लिहून घे. वादकांची नाइट, म्हणजे शोचं मानधन, त्याच रात्री हातात दे. तालमीचेही पैसे दे. "आपलाच बँड" म्हणायला गोड वाटतं, पण घरभाडं त्यांनाही भरायचं असतं.

शुक्रवारी तालमीला येतो, मागे बसेन, बोलणार नाही. (बोलेन.) आणि तुझा ड्रमर डोंबिवलीहून सिंबल्सची बॅग खांद्यावर घेऊन लोकलने येतो म्हणालीस. त्याची शेवटची गाडी किती वाजता असते, ते विचारलंयस का?

तुझा,
बेसवाला काका