वाचकांचे प्रश्न : परमार कुळाचे मूळ आणि धारचे पवार

प्रश्न : आम्हा पवारांचे मूळ पुरुष अबूच्या पहाडावर वसिष्ठांच्या अग्निकुंडातून प्रकटले आणि धारचा राजा भोज आमच्याच कुळातला, असे आमच्या घरात पूर्वापार सांगतात. यात इतिहास किती आणि कथा किती?
– एक वाचक, पारनेर

उत्तर : राजा भोज ज्या परमार कुळातला, त्याच्या अग्निकुंडाची कथा जुनी आहे, पण कुळाइतकी जुनी नाही. ती प्रथम आढळते ‘नवसाहसांकचरित’ या संस्कृत महाकाव्यात. भोजाचा पिता सिंधुराज याच्या दरबारातील पद्मगुप्त या कवीने ते अकराव्या शतकाच्या आरंभी रचले. विश्वामित्राने वसिष्ठांची कामधेनू पळवली, वसिष्ठांनी होम केला, कुंडातून एक वीर निघाला, त्याने गाय परत आणली आणि ‘पर’ म्हणजे शत्रू, त्यांना मारणारा म्हणून तो ‘परमार’ ठरला, असे त्या कथेचे रूप आहे. चौहान, प्रतिहार आणि सोळंकी यांना याच कुंडातून काढण्याची प्रथा बरीच नंतरची.

याच्या अर्धशतक आधीचा, इ. स. ९४९चा, एक ताम्रपट गुजरातेत हरसोल येथे मिळाला आहे. तो सिंधुराजाचा पिता दुसरा सीयक याचा आहे आणि त्यात ना वसिष्ठ आहेत, ना अबू, ना अग्निकुंड. आरंभी अमोघवर्ष आणि अकालवर्ष अशी मान्यखेटच्या (आजचे कर्नाटकातील मालखेड) राष्ट्रकूट राजांची नावे येतात आणि त्यांच्या कुळात सीयकाचा आजोबा बप्पैराज जन्मला, असे सांगितले आहे. यावरून काही अभ्यासकांनी परमारांना थेट राष्ट्रकूटांची शाखा मानले, तर काहींच्या मते हे नाते आईकडून आलेले असावे. मला दुसरा तर्क अधिक पटतो, कारण मांडलिकाने धन्याच्या कुळाशी सोयरीक मिरवणे स्वाभाविक आहे आणि सीयक तेव्हा राष्ट्रकूटांचा मांडलिकच होता.

पुढे त्याच सीयकाने ९७२मध्ये राष्ट्रकूट राजा खोट्टिग याच्यावर चाल करून मान्यखेट लुटले. या लुटीचा दाखला एका शब्दकोशात आहे, ही गंमतच म्हणायची : धनपाल या कवीने धाकट्या बहिणीसाठी ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत कोश रचला आणि मालव्याच्या स्वारीत मान्यखेट लुटले गेले त्या वर्षी तो पुरा केल्याचे नोंदवून ठेवले. सीयकाचा मुलगा मुंज याने अमोघवर्ष, पृथ्वीवल्लभ ही राष्ट्रकूटांची बिरुदेच धारण केली. त्याचा भाऊ सिंधुराज गादीवर येईपर्यंत मात्र राष्ट्रकूटांची सत्ता लयाला गेली होती. मावळलेल्या धन्याचे नाते सांगण्यात आता काही लाभ नव्हता, आणि नेमकी तेव्हाच दैवी उत्पत्तीची कथा पुढे आली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

आता आपल्या आडनावाविषयी. ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले, त्याच वाटेने ‘परमार’चे ‘पंवार’ आणि ‘पवार’ झाले. भाषेच्या दृष्टीने यात अडचण नाही. परमार महाराष्ट्रात आले होते हेही खरे. इ. स. ११०४चा त्यांचा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात आहे. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावच्या १११२च्या लेखात भोजाचा पुतण्या जगद्देव भेटतो, जो मालवा सोडून कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी राहिला होता. पण नाव उतरणे वेगळे आणि रक्त उतरणे वेगळे. मालव्यातील परमारांची सत्ता १३०५मध्ये अलाउद्दीन खलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क मुलतानी याने मोडली आणि परमार राजा महलकदेव मांडूला मारला गेला. तिथपासून आपल्या तालुक्यातील सुप्याचे पवार शिवकाळात पुढे येईपर्यंत तीन शतकांहून मोठा काळ जातो. तो भरून काढणाऱ्या वंशावळी नंतर लिहिल्या गेल्या आहेत. पेशवाईत उदाजी आणि आनंदराव पवारांच्या घराण्याची गादी धारलाच स्थापन झाली, त्यामुळे भोजाशी नाते सांगण्याला मोठे बळ मिळाले. परंपरा म्हणून ती जरूर जपावी. पुरावा म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ या म्हणीतील गंगू म्हणजे कलचुरी गांगेय आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, हे खरे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : निम्मेही जुळत नाही. भोजाने या दोघांना हरवले म्हणून ही म्हण पडली, असे हे मत आहे; पण तैलपाने मारले ते भोजाच्या चुलत्याला, मुंजाला. आणि भोज इ. स. १०१०च्या सुमारास राज्यावर आला त्याच्या दहाएक वर्षे आधीच तैलप वारला होता. त्रिपुरीचा गांगेयदेव भोजाचा समकालीन खरा आणि पुढे भोजाने त्याचा पराभवही केला, पण त्याआधी तैलपाचा नातू जयसिंह याच्याविरुद्ध भोज, गांगेय आणि राजेंद्र चोळ हे तिघे एकाच बाजूने लढले होते.