पहिला रेणू साधा घे

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

प्राध्यापक होऊन मॉलिक्युलर इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे एकेका रेणूतून वीज कशी वाहते हे मोजण्याचा, स्वतःचा गट उभारायचा, तर पहिला रेणू कोणता घ्यावा, असं तू विचारलंस. अगदी साधा घे. बारा पायऱ्यांचं संश्लेषण लागणाऱ्या देखण्या रेणूत पहिलं वर्ष घालवू नकोस. दोन्ही टोकांना अमाइन (सोन्याला धरणारा नायट्रोजनचा गट) असलेल्या अल्केन, म्हणजे साध्या कार्बनच्या, साखळ्या तयार मिळतात. चार, सहा आणि आठ कार्बनच्या आण. साखळीत एक कार्बन वाढला की वाहकता उतरून आधीच्या साधारण चाळीस टक्के उरते. तुझ्या एसटीएमवर (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर) हा उतार दिसला नाही, तर खोट यंत्रात, सोन्यात नाहीतर द्रावकात आहे. ती आधी शोध.

मोजायचं असं: रेणूच्या द्रावणात एसटीएमचं सोन्याचं टोक सोन्याच्या पृष्ठभागात रुतवायचं आणि हळूहळू मागे ओढायचं. वाहकता पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सांध्यात सोन्याचा एकच अणू उरला की पायरी ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास येते. तो सांधा तुटल्यावर बरीच खाली एक आखूड, जराशी कललेली पायरी दिसते, ती रेणूची. ती दर वेळी दिसत नाही, म्हणून हजारो वेळा ओढून दर वेळचा वाहकतेचा वक्र नोंदायचा आणि कोणती वाहकता किती वेळा आली याचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, काढायचा; रेणूची वाहकता त्यात शिखर म्हणून दिसते. २००३ मध्ये शू आणि ताओ यांनी ही रीत रुळवली. इथे छान दिसणारे वक्र तेवढे वेचायचा मोह होतो. वेचलेस की शिखर हवं तिथे येतं, पण ते रेणूचं राहत नाही. सगळे वक्र घे. रेणू घालण्याआधी नुसत्या द्रावकात हजारभर वक्र काढ; तिथेही तेच शिखर आलं, तर ती घाण आहे.

अमाइनऐवजी थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट) असलेले रेणू घेतलेस, तर ते हवेत एकमेकांना जुळून डायसल्फाइड होतात. थायोअॅसिटेट या झाकलेल्या रूपात ठेव, वापरायच्या वेळी मोकळे कर. सोन्यावर रेणूंचा एकपदरी थर बसवायला ताजं सोनं, इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर द्रावण आणि एक दिवस पुरे. पण त्या थरावर वरून धातूची वाफ बसवलीस, तर अणू बारीक छिद्रांतून खाली उतरून शॉर्ट करतात, आणि हा धातूचा तंतू तुटत-जुळत राहिला की रेणूच स्विच झाल्यासारखा भासतो. नमुना थंड कर: धातूची वाहकता वाढते, टनेलिंगची (रेणूतून इलेक्ट्रॉन थेट पार होण्याची) जवळपास तशीच राहते.

मूळ फाइल्स पुसू नकोस. २००२ मध्ये बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योन या भौतिकशास्त्रज्ञाचं बनावट निष्कर्षांचं प्रकरण उघड झालं ते वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हुबेहूब तोच नॉइज दिसला म्हणून. चौकशीत मूळ नोंदीही मिळाल्या नाहीत.

नोकरीच्या अर्जातला प्रस्ताव एका रेणूवर नको, मालिकेवर बांध. २००६ मध्ये वेंकटरामन यांच्या गटाने सात बायफेनिल (बेंझिनच्या दोन कड्या जोडलेले रेणू) घेतले, दोन कड्यांमधला पीळ तेवढा बदलत नेला, आणि वाहकता त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे उतरताना दाखवली. बाकी सारं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलणारे रेणू घडवणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम आहे. तुझ्या मालिकेत काय बदलणार आणि काय स्थिर राहणार, ते दोन ओळींत लिहून पाठव.