खेड्यातल्या झेडपी शाळेत तिसरी-चौथीसाठी मराठीचे कोणते उपक्रम-प्रकल्प घ्यावेत?

मॅडम, तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही सातारा साईडवरून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आलात, तिसरी-चौथी एकत्र तुमच्याकडे आहे, पोरं वर्गात तोंडच उघडत नाहीत, अन् मराठीचे प्रकल्प म्हणून चार्ट सोडून काय घेता येईल, तेही बिनखर्चात, अन् तपासणीला काय दाखवायचं. मी याच जिल्ह्यात घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात बरीच वर्षं शिकवतो, पहिली ते चौथी सगळे वर्ग हाताखालून गेले, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

चार्ट सोडायचा म्हणता ते एकदम बरोबर आहे. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, बाप रोजी पाडून ते आणायला जातो, पोरगं खाली फक्त नाव अन् हजेरी नंबर टाकते. त्यात ते कोणाशी बोललं नाही, काही ऐकून आणलं नाही, स्वतःचं एक वाक्य जुळवलं नाही. माझ्या लेखी भाषेचा प्रकल्प तोच, ज्याच्यासाठी पोराला उठून कोणाकडे तरी जावं लागते, ऐकलेलं ध्यानात ठेवून वर्गात सांगावं लागते, अन् मग ते लिहावं लागते. कागद सगळ्यात शेवटी.

आता तोंड उघडत नाहीत याचं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेजवळ पाच मिनिटं उभ्या राहा, तीच पोरं कशी बोलतात ते ऐका. बोलणं त्यांच्याकडे भरपूर आहे, फक्त वर्गात पुस्तकासारखंच बोलावं लागते असं त्यांना वाटते, अन् चुकलं तर हसतील या भीतीनं ती गप्प राहतात. म्हणून मी सुरुवात नेहमी बातमी फळ्यापासून करतो. परिपाठ झाला की एका पोरानं घरची, वावरातली, रस्त्यातली एक बातमी सांगायची. फळ्याचा एक कोपरा त्यासाठी आखून ठेवायचा, अन् तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दात आपण लिहायचं, तिथल्या तिथं दुरुस्त करायचं नाही.

माझ्याकडे दुसरीत एक पोट्टा होता, हजेरीलाही नुसता हात वर करायचा. एक दिवस उभा राहिला अन् म्हणाला, "आमची गाय जनली." मी लिहिलं, आमची गाय जनली. बाकीच्यांना म्हटलं, विचारा त्याले काय विचारायचं ते. कवा जनली? राती. कोठ्यात कोन होतं? आजा होता, मी मोबाईलचा टॉर्च धरला होता. गोऱ्हा झाला का कालवड? गोऱ्हा. रंग कोनता? लाल, पन कपायावर पांढरा टिक्का. बघता बघता फळ्याचा कोपरा भरला अन् त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवून सगळ्या ओळी वाचल्या, कारण त्या त्याच्याच होत्या, पुढे काय येणार हे त्याला आधीच माहीत होतं. मग पहिलीच्या पोरांनी त्यातला 'ग' शोधून गोल केला, तिसरीच्यांनी वहीत उतरवून पुढे दोन वाक्यं जोडली, अन् चौथीच्यांनी हीच बातमी पेपरात छापून आली तर कशी लिहिलेली असेल तशी लिहिली. म्हणजे एकाच बातमीवर चारही वर्गांचा तास झाला, अन् तुमच्यासारख्या जोडवर्गाला तर हे फारच कामाचं आहे.

काही सर लोक म्हणतात अशानं पोरं अशुद्ध शिकतील. मला हे अजिबात पटत नाही. चौथीची पोरं जेव्हा पेपरातली बातमी लिहायला बसतात तेव्हा पुस्तकी मराठी आपोआप येते, अन् कुठे कसं लिहायचं हेही त्यांना कळते. घरच्या बोलीवर पहिल्याच महिन्यात लाल पेन चालवला तर पोरगं वर्षभर बोलत नाही, मग शुद्ध काय अन् अशुद्ध काय. अन् हे काही नवं नाही, १९३७ साली आपल्या शेजारी वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली होती, नई तालीम म्हणजे गांधीजींची शिक्षणपद्धती जिथून सुरू झाली, तिथंही मातृभाषेतून अन् हातच्या कामातून शिक्षण असंच ठरलं होतं. २०२० चं नवं राष्ट्रीय शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत जमेल तिथं घरच्या भाषेतून शिकवा म्हणते.

तुमच्या वर्गात पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची पोरं असतील तर त्यांचं वेगळं ध्यानात ठेवा. त्यांच्या घरची भाषा कोलामी, ती द्राविडी कुळातली आहे, वऱ्हाडीसारखी मराठीची बोली नव्हे, म्हणजे शाळेत येऊन ते लेकरू दुसरीच भाषा ऐकते. त्याला बातमी आधी कोलामीतच सांगू द्या. दोन्ही भाषा येणारं एखादं मोठं पोरगं शेजारी बसवा, ते मराठीत सांगेल, अन् फळ्यावर दोन्ही लिहा, देवनागरीतच. तुम्हाला उच्चार जमणार नाही, पोरं दुरुस्त करतील, करू द्या. मॅडमला आपण शिकवतो म्हटल्यावर ती पोरं ज्या उत्साहानं बोलतात ते तुम्ही स्वतःच पाहाल.

आता मोठे प्रकल्प. विदर्भात आलात तर पोळ्याच्या झडत्या सोडू नका. पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावस्येला, बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा गावातले लोक एकामागून एक यमक जुळवून झडत्या म्हणतात अन् दर झडतीनंतर सगळे हर हर महादेव करतात. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी पोरांना सांगायचं की आपल्या वाड्यातल्या कोण्या म्हाताऱ्या माणसाकडून एक झडती ऐकून पाठ करून आणा, लिहून नाही आणायची. पाठ करून आणायची म्हटलं की आजोबाजवळ दोन-चार वेळा बसावंच लागते. वर्गात प्रत्येकानं म्हणायची, मग ओळीच्या शेवटी काय काय जुळलं ते शोधायचं. काही झडत्यांत शिवीगाळ, कोणाच्या जातीवरून-घरावरून टोमणे राहतात, तेवढ्या आधी ऐकून बाजूला ठेवा. नंतर दोघं-दोघं मिळून शाळेवर नवी झडती जुळवायची. आमच्या चौथीच्या पोरींनी केली होती:

शायेच्या पत्र्यातून गयते पानी,
तरी आमी म्हनतो पाढे अन् गानी!

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन येतात, तेव्हा ती त्यांनी सगळ्या गावापुढे म्हटली. शाळा व्यवस्थापन समितीचे लोक तिथंच उभे होते. पत्रे पुढच्या पावसाळ्याआधी बदलले गेले, त्यात झडतीचा हात किती ते मी नाही सांगू शकत, पण आपण जुळवलेल्या दोन ओळी मोठ्या माणसांनी कान देऊन ऐकल्या हे त्या पोरींनी पाहिलं. यमक, लय, ओळीतले शब्द मोजून बसवणं, हे सगळं व्याकरणाचं नाव न घेता होऊन जाते.

पोळा झाला की पुढे भुलाबाई हा पोरींचा गाण्यांचा सण येतो, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी म्हणून झाल्यावर पोरी खिरापत ओळखायला लावतात, डब्यात काय आहे ते बाकीच्यांनी सांगायचं. हा खेळ मी वर्गात वर्षभर चालवतो. डब्यात एखादी वस्तू, फल्लीदाणे, गोटी, कापसाचं बोंड, काहीही. प्रश्न असे विचारायचे की उत्तर फक्त हो किंवा नाही येईल. सुरुवातीला पोरं नुसती नावं फेकतात, चिंच का, बोर का, मग हळूहळू 'खायचं आहे का', 'झाडाले लागते का', 'उन्हाळ्यात मिळते का' असे प्रश्न यायला लागतात, अन् हे प्रश्न यायला लागले की वर्णन लिहायला ती तयार झाली समजा. शेवटी त्या वस्तूचं नाव न लिहिता चार वाक्यं लिहायची, दुसऱ्यानं वाचून ओळखायचं. पोरांनाही घ्या, फक्त पोरींचा खेळ म्हणून सोडू नका.

वाचनासाठी मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रकल्प फवारणीच्या औषधाच्या लेबलचा आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर दगावले, तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आपल्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक पोराचा बाप किंवा काका पाठीवर पंप घेऊन फिरतो. डब्यावर एक तिरपा चौकोन राहतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, अन् हिरवा त्यातल्या त्यात कमी. सोबत घडीचं माहितीपत्रक असते, बारीक अक्षरातलं, जे घरात कोणीच वाचत नाही. एक गोष्ट कडक पाळा, पोरांना डबे आणायला सांगू नका, रिकामेही नाही, हात लावायलाही नाही. कृषी केंद्रात जाऊन तुम्ही स्वतः मोबाईलवर फोटो काढा अन् वर्गात मोठा करून दाखवा.

आधी रंग ओळखायचे, मग जेवढं वाचता येते तेवढं वाचायचं, अडलेले शब्द फळ्यावर घ्यायचे, अन् मग प्रत्येकानं आपल्या घरच्या माणसासाठी सूचनांची एक पाटी बनवायची. पाठकोरा कागद, कंपासमधला पेन, बस. 'तोंडाले फडकं बांधा.' 'वाऱ्याच्या उलट फवारू नका.' 'हात धुतल्याशिवाय भाकर खाऊ नका.' 'रिकाम्या डब्यात पानी ठेवू नका.' पुस्तकात जे आज्ञार्थी वाक्य म्हणून एका ओळीत येते ते इथं खऱ्या कामाला लागते, अन् छोटं, ठसठशीत वाक्य का लिहायचं हे सांगावंच लागत नाही, कारण बाप घाईत राहतो, लांबलचक लिहिलं तर वाचणारच नाही. ज्या घरात वाचणारं कोणी नाही तिथं पोरानं वाचून दाखवायचं. पाटी पंप ठेवतात त्या भिंतीवर, पोराच्या हाताला डबे लागणार नाहीत अशी मोठ्या माणसानं चिकटवायची. हा प्रकल्प शाळा उघडल्या-उघडल्या घ्या. आपल्याकडे उन्हामुळे शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, अन् फवारणी पुढे लगेच सुरू होते.

आठवडी बाजाराची भावपट्टी, दुकानाच्या पाट्या, एसटीचे बोर्ड वाचणं हेही घेता येते, ते तुम्हाला माहीतच असेल. अवजारांची चित्रवहीही चांगली होते, तिफन, डवरा, वखर यांचं चित्र काढायचं अन् एकेका भागाचं नाव आज्याला विचारून लिहायचं.

एक हंगामाचं गणित सांभाळा. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात राहते, पोरं मायबापासोबत वावरात जातात, हजेरी पडते. म्हणून सगळा वर्ग लागणारी कामं, नाटुकलं, झडत्या, गटाचं हस्तलिखित, दिवाळीच्या आधी उरकून घ्या. नंतर एकेकट्यानं करायची कामं ठेवा. चार दिवस गैरहजर राहिलेलं पोरगं आलं की आधी रागावू नका, त्याच्याकडून वेचणीची बातमी घ्या, किती किलो झाला, काट्यावर कोण होतं, शिदोरीत काय होतं. त्याच्याकडे त्या दिवशी वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त सांगण्यासारखं राहते.

पुस्तकं नाहीत असं तुम्ही म्हणाल. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट वाचायला मिळतात. एक-दोन पानांच्या गोष्टी, कविता निवडून प्रिंट काढा, दोरीवर चिमट्यानं लावा, पोरांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या पुस्तकांचा पोरांना काहीच उपयोग नाही. अन् जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पोरांनी लिहिलेल्या बातम्या शिवून पुस्तक केलं तर तेही त्याच दोरीवर टांगा, सगळ्यात जास्त तेच वाचलं जाते, कारण त्यात आपलं अन् आपल्या मित्राचं नाव राहते.

तपासणीचं टेन्शन घेऊ नका. तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाला ६० अन् संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ४० गुण आहेत, अन् आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही साधनं दिलेलीच आहेत. बातमी सांगितली ते तोंडी काम, खिरापत हा उपक्रम, झडत्या अन् लेबल हे प्रकल्प, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त तीन गोष्टी पाळा. बातमी फळा पुसायच्या आधी रोज एक फोटो. प्रत्येक लिहिलेल्या कागदावर तारीख. अन् प्रत्येक पोराचे कागद एका पिशवीत, जुलैचा सगळ्यात खाली. केंद्रप्रमुख आले की कोणत्याही एका पोराची पिशवी काढून खालचा अन् वरचा कागद शेजारी ठेवा, विचारलं तर पोरालाच सांगू द्या.

पोळा जवळ असेल तर झडत्यांपासून सुरू करा, नसेल तर उद्या परिपाठ झाला की बातमी घ्या. पहिले दोन-तीन दिवस कोणी उठलं नाही तर तुम्हीच साताऱ्याकडची एखादी बातमी सांगा, तिकडच्या बोलीत, अन् पोरांना प्रश्न विचारू द्या.