लॅक्स्टनची मेर

प्रश्न : आमच्या कोमुनिदादीची, म्हणजे गोव्यातल्या गावसंस्थेची, शेते अजून आहेत. झोण, म्हणजे गावकारांचा वार्षिक वाटा, वाटण्याच्या दिवशी लोक जमतात, पण मेर (शेताची हद्द) कोणी सरकवली, बांध कोणी दुरुस्त करायचा, हे विचारायला कोणी पुढे येत नाही. इंग्लंडच्या खेड्यांतही पूर्वी गावाने मिळून शेती करण्याची रीत होती, असे ऐकले. ती आज कुठे उरली आहे काय? – एक गावकार, तिसवाडी

उत्तर : उरली आहे. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या लहान गावात ती आजही चालते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तुमच्या ज्या गावकारीचे (कोमुनिदादीचे जुने नाव) रीतिरिवाज नोंदवले, तिच्यात जमीन गावाची होती. लॅक्स्टनची जमीन जमीनदाराची आहे, सामायिक आहे ती कसण्याची शिस्त. गावाभोवती कुंपण नसलेली तीन मोठी शेते आहेत, प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे त्यांत विखुरलेले आहेत, आणि एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तर तिसरे पड, असा क्रम दरवर्षी फिरतो. मार्क पियर्सने १६३५ साली काढलेला या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्यांबरोबर नांगरणी-कापणी करणारी चिमुकली माणसेही रेखाटली आहेत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी बहुतेक गावांचे असे पट्टे एकत्र करून त्यांना कुंपणे घातली गेली. लॅक्स्टन वाचले, त्याचे एक कारण असे सांगतात की तिथल्या दोन बड्या जमीनदारांचे एकमत झाले नाही.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथल्या पंचांच्या फेरीत दिसते. नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांतूनच नेमलेले हे पंच लाकडी खुंट्या घेऊन गव्हाच्या शेतात उतरतात, कोणाचा नांगर वाटेवर किंवा सामायिक गवतपट्टीवर चढला आहे ते पायी फिरून पाहतात आणि खरी हद्द असेल तिथे खुंटी ठोकतात. आठवड्याने गावच्या 'डव्हकोट इन'मध्ये 'कोर्ट लीट', म्हणजे गावचे परंपरागत न्यायालय, बसते. अतिक्रमणाचा दंड तिथेच ठरतो आणि पुढच्या वर्षाचे पंचही तिथेच नेमले जातात. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण तो शेजाऱ्यांनी, शेजाऱ्यांसमोर केलेला असतो, आणि माझ्या मते जरब असते ती त्याचीच.

नांगर जाऊन ट्रॅक्टर आला, पट्टे कमी आणि रुंद झाले. जमीन १९५२ साली सरकारच्या कृषी मंत्रालयाकडे, १९८१ साली क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था) आणि २०२० साली थोर्सबी इस्टेट या खाजगी जहागिरीकडे गेली. मालक बदलत गेले, तरी पंचांची फेरी चालूच राहिली.