बैठकीची वही

प्रश्न : लहानपणी आमच्या घरी दर आठवड्याला बैठक व्हायची. अध्यक्ष, वही, विषय, सगळं रीतसर. पण प्रत्येक वेळी कुणाची तरी हजेरी घेतली जायची, त्यामुळे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. माझी मुलं आता 6 आणि 11 वर्षांची आहेत. अशी बैठक सुरू करावी का?

उत्तर : जरूर करा. दोष बैठकीचा नव्हता, विषय मांडण्याचा होता. ‘धाकटा पसारा करतो’ हा विषय नव्हे, आरोप आहे. तोच ‘दारातल्या चपलांत पाय अडकतो, त्या कुठे ठेवायच्या?’ असा लिहिला, की सहा वर्षांचं मूलही उपाय सुचवतं. विषय प्रश्न म्हणूनच लिहायचा आणि त्यात कुणाचं नाव घालायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. वही आठवडाभर सगळ्यांच्या हाताशी असू द्या. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं. ऐन भांडणात ‘वहीत लिही’ म्हणता येतं आणि बैठकीपर्यंत बरेच विषय आपसूक मिटलेले असतात.

20 मिनिटं पुरेत, त्यापुढे धाकटा चुळबुळ करणारच. पोटं भरलेली, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आधी प्रत्येकाने घरातल्या एकाचे कशाबद्दल तरी आभार मानायचे, मग मागचा निर्णय वाचायचा, मग फार तर दोन विषय. अध्यक्ष आळीपाळीने, धाकटासुद्धा.

मतदान मात्र टाळा. मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारपरंपरेतले, स्वतःही मानसोपचारतज्ज्ञ असलेले रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी कुटुंबाच्या बैठकीचा पुरस्कार केला, तोही एकमताच्या आधारावर. चौघांत तीन विरुद्ध एक झालं, की हरलेला तो नियम मोडायची संधी शोधतो. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या बैठकीत घ्या. शाळा, औषधं, सुरक्षितता यांचा निर्णय मोठ्यांचाच, आणि हे मुलांना आधीच स्पष्ट सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 12 वं कलमही मुलाला मत मांडण्याचा हक्क देतं आणि त्या मताला वय व समज पाहून महत्त्व द्यायला सांगतं. अंतिम निर्णय मुलाचाच, असं ते म्हणत नाही.

नियमात कोणी, काय, कधीपर्यंत हे तिन्ही हवं. ‘नीट वागायचं’ हा नियम पाळला की मोडला, यावरच वाद होतो. ‘झोपण्यापूर्वी ज्याने त्याने आपलं दप्तर भरून दाराशी ठेवायचं’ यावर होत नाही. आठवडाभर करून पाहा, जमलं नाही तर बदला. जेवताना मोबाइल नाही असं ठरलं, तर तुमचाही नाही.

प्रश्न : माझ्या भावाला त्याच बैठका गमतीच्या आठवतात. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही असू शकतं. एकाच घरात थोरल्याला जाब विचारला जातो आणि धाकटा मांडीवर बसून ऐकतो. शिवाय आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, गप्पांत एकाचा तपशील दुसऱ्याच्या आठवणीत शिरतो. म्हणून बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळं लिहून काढा : कोण कुठे बसायचं, वही कुणाकडे असायची, पहिलं कोण बोलायचं. जुनी वही सापडली, तर ती लिहून झाल्यावरच उघडा. नाहीतर तिच्यात वाचलेलंच आठवल्यासारखं वाटू लागतं.