एकटीने ओर्व्हिएतो

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. मुलगी नोकरीनिमित्त रोममध्ये असते, मे महिन्यात तिच्याकडे जाणार आहे. तिला रजा नाही, म्हणून एक दिवस एकटीनेच ओर्व्हिएतोचं कॅथीड्रल पाहून यावं असं मनात आहे. इटालियन येत नाही, गुडघे थोडे कुरकुरतात. जमेल का? आणि त्याच दिवशी असिसीही उरकता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, जमेल. जाच. पण असिसी त्या दिवशी नको. दोन गावं एका दिवसात ‘उरकली’ की दोन्हींचे फोटो तेवढे राहतात. ओर्व्हिएतोला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा एकटी, आणि दुसऱ्या खेपेलाही दिवस पुरला नाही.

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून साधी प्रादेशिक गाडी घ्या, सव्वा ते दीड तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, हे विसरू नका. गाव उंच कातळाच्या माथ्यावर आहे आणि स्थानक पायथ्याशी. पण स्थानकासमोरूनच दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर वर नेते. गुडघ्यांचा पहिला प्रश्न तिथेच सुटला.

वर उतरलात की आधी जवळच असलेली विहीर बघा, सान पात्रित्सिओची. १५२७ मध्ये सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवे क्लेमेंट पळून इथे आले. वेढा पडला तर पाण्याचं काय, या काळजीपोटी त्यांनी ती खोदायला लावली. १५३७ मध्ये ती पुरी झाली, तोवर ते हयात नव्हते. सुमारे ५३ मीटर खोल, आणि भोवती एकात एक गुंफलेले दोन गोल जिने. एकाने पाणी आणायला खेचरं उतरायची, दुसऱ्याने वर यायची. वाटेत समोरासमोर गाठ पडायचीच नाही. मी साताऱ्याकडची, लिंबची बारा मोटेची विहीर लहानपणापासून पाहिलेली, तरी इथे तळाच्या छोट्या पुलावर उभं राहून वर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. खिडक्यांच्या रांगा चढत जातात आणि शेवटी आभाळाची एक चकती. पायऱ्या २४८, तेवढ्याच पुन्हा चढायच्या. त्या खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि उथळ आहेत. तरीही गुडघा दुखत असेल तर वरच्या दोन-चार खिडक्यांतून डोकावून परत फिरा. त्यात काही कमीपणा नाही.

आता कॅथीड्रल, म्हणजे तिथल्या भाषेत दुओमो. कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्याने रमत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचाल. आत जाणार म्हणून खांदे झाकणारे कपडे असू द्या. जवळच्या बोल्सेनात १२६३ मध्ये पूजेच्या वेळी पवित्र भाकरीतून रक्त ठिबकलं अशी श्रद्धा आहे. ते रक्त लागलेलं वस्त्र याच मंदिरात जपलं आहे. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं. भिंतींवर आडवे काळे-पांढरे पट्टे आहेत, आणि त्यातला काळा दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. इतक्या लांब तो दिसला आणि मला फार बरं वाटलं.

घाईघाईने आत शिरू नका. दारांच्या मधले चार रुंद खांब आधी बघा. लोरेंत्सो माइतानी १३१० मध्ये मुख्य स्थपती झाला, आणि हे कोरीवकाम त्याच्या व त्याच्या कारागिरांच्या हातचं. डावीकडच्या पहिल्या खांबावर सृष्टीची उत्पत्ती. त्यात झोपलेल्या आदमच्या कुशीत देव हात घालतो आहे, बरगडी काढायला. आदमचं शरीर इतकं सैल, इतकं गाढ झोपलेलं आहे की दगडाला झोप लागू शकते हे मला तिथे पटलं. त्या एका चौकटीपुढे मी अर्धा तास उभी होते. सोबत कोणी असतं तर तिसऱ्या मिनिटाला ‘चला’ ऐकावं लागलं असतं. एकटीने जायचं ते यासाठी, ताई. उजवीकडच्या शेवटच्या खांबावर अंतिम न्याय आहे, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो तो प्रसंग. मेलेली माणसं शवपेट्यांची झाकणं सारून उठताहेत.

तोच विषय आत, सान ब्रित्सिओच्या चॅपेलमध्ये, म्हणजे कॅथीड्रलमधल्याच छोट्या प्रार्थनागृहात, रंगांत भेटतो. चित्रकार फ्रा अँजेलिकोने १४४७ मध्ये छत रंगवायला घेतलं आणि अर्धवट राहिलं. पन्नासेक वर्षांनी, १४९९ मध्ये, लूका सिन्योरेलीने काम हाती घेतलं. ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्ताचं सोंग घेऊन लोकांना फसवणाऱ्याच्या, चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघे उभे आहेत. ते सिन्योरेली आणि फ्रा अँजेलिको असं मानतात. आपल्या आधी काम सोडून गेलेल्या माणसाला त्याने शेजारी उभं केलं, हे मला आजही हलवून जातं.

जेवण एकच्या सुमारास उरका. पहिल्या खेपेला मी तीन वाजता खानावळ शोधत होते. स्वयंपाकघरं बंद, दुकानांची दारंही ओढलेली. शाकाहारी असाल तर ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणा. जाडसर, हाताने वळलेल्या उंब्रिकेल्ली शेवया टोमॅटोत मागवा. बाकी ‘बुओंजोर्नो’ आणि ‘ग्रात्सिए’वर दिवस निघतो.

मग पुन्हा दुओमोसमोर येऊन बसा. दर्शनी बाजू पश्चिमेकडची, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट सोनेरी मोझेकवर येतं आणि सकाळी चपटी वाटलेली भिंत पेटते. परतीची गाडी त्यानंतरचीच ठरवा. फक्त शेवटची फ्युनिक्युलर किती वाजता, ते सकाळी वर चढतानाच विचारून ठेवा.